प्रकल्प नोंदी: मांजरं, बुलबुल आणि सोसायटीची बाग

जागा: पुणे. चार मजली इमारतीमागची बाग, साधारण १८ मीटर बाय ११ मीटर. तीन बाजूंना पाच फुटी विटांची कंपाउंड भिंत. एक आंबा, एक शेवगा, दोन पेरू, तगर आणि जास्वंदीचं कुंपण, भिंतीवर बोगनवेल. पक्षी: लालबुड्या बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर, चष्मेवाला, होले, साळुंक्या, अधूनमधून सातभाईंचा थवा. मांजरं: दोन घरांतली पाळीव, बाकी कुणाचीच नसलेली.

हेतू: पक्ष्यांची शिकार कमी करणं. बाग मांजरमुक्त करणं हा हेतू नाही. पाच फुटी भिंत मांजर धावही न घेता चढतं, त्यामुळे तो नाद सुरुवातीलाच सोडलेला बरा.

२ फेब्रुवारी २०२५

पाहणी आणि नकाशा. पक्षी जमिनीवर किंवा जमिनीलगत कुठे उतरतात आणि तिथून मांजराला लपण्याजोगा आडोसा किती लांब आहे, एवढंच मोजलं. मांजर लांब पाठलाग करत नाही. पोट जमिनीला घासत जवळ सरकतं, थबकतं आणि शेवटचे एक-दोन मीटर झेपेत कापतं. आडोसा दोन मीटरच्या आत असेल ती जागा नकाशावर लाल केली.

सगळ्यांत वाईट जागा पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याची. मातीचं ताट जमिनीवर आणि तेही तगरीला खेटून. पाणी पिताना बुलबुलाची मान खाली, आंघोळ करताना पंख ओले, आणि हातभर अंतरावर दाट पाला. मांजरांना दूध-पोळी घालतात तो बाक इथून तीन मीटरवर. शेवग्याखालचा पाचोळाही लाल, पण तो काढायचा नाही. दयाळ आणि सातभाई किडे टिपायला तिथेच उतरतात. त्याच्या कडेला रांगेने मांडलेल्या मोठ्या कुंड्या तेवढ्या भिंतीकडे सरकवल्या, म्हणजे पाचोळ्याच्या चारी बाजू उघड्या राहतात.

९ फेब्रुवारी

शिकार कोण करतं हे ठरल्याशिवाय खर्च नको. बागेत पडलेली पिसं नीट पाहिली की पुष्कळ कळतं. शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, पिसं उपटतो: देठ अखंड, एका ठिकाणी गोल ढीग, एखाद्या देठावर चोचीची चिमट. मांजर चावतं: देठ मोडलेले, पिसं ओली आणि चिकटलेली, कधी दोन-तीन एकत्र तुटलेली, आणि बाकीचे अवशेष आडोशाला ओढून नेलेले. रिकाम्या घरट्याचा दोष मात्र डोळे झाकून मांजरावर टाकू नये. अंडी आणि पिल्लं कावळा, भारद्वाज, खार आणि धामणही खातात. घरटं जागेवर शाबूत आणि आत काही नाही, तर संशय आधी कावळ्यावर. घरटं ओढून लोंबतं आहे आणि खालच्या फांद्या मोडल्या आहेत, तर मांजर.

अंधारातही टिपणारा कॅमेरा जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर, तगरीच्या रांगेला समांतर लावला. उंचावरून खाली रोखलेला कॅमेरा मांजर दाखवतो, पण ते कुठून निघालं ते दाखवत नाही. वावर दिसतो तो पहाट उजाडताना आणि दिवेलागणीला. पक्ष्यांची पाण्यावरची गर्दीही नेमकी त्याच वेळी. दुपारी मांजरं गाड्यांखाली झोपलेली.

१६ फेब्रुवारी

दोन निर्णय. दाणा बंद, पाणी चालू.

दाण्याचं कारण सरळ आहे. कणी-बाजरी भिंतीवर टाकली की आधी पारवे येतात, सांडलेलं टिपायला होले जमिनीवर, उरलेल्यावर रात्री उंदीर, आणि उंदरांमागे मांजर. बुलबुल, शिंजीर, शिंपी आणि दयाळ यांना या दाण्याचा तसाही उपयोग नाही. ते फळं, मध आणि किडे खातात. दोन ज्येष्ठ सभासदांची नाराजी आहे. त्यांना जास्वंद, घाणेरी आणि कढीपत्त्याची रोपं लावायची जबाबदारी दिली आहे. कढीपत्त्याच्या फळांवर बुलबुल तुटून पडतात.

पाण्यासाठी खांब. सामान असं:

सव्वा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, २.४ मीटर. ६० सेंटिमीटर जमिनीत, १.८ मीटर वर. खड्डा एक फूट चौरस, दोन फूट खोल, १:२:४ काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी).
वरच्या टोकाला १० मिलिमीटर सळीची रिंग वेल्ड केलेली. तिच्यात कुंडीखालची १२ इंची प्लास्टिकची बशी बसते.
१६० मिलिमीटर पीव्हीसी पाइपचा ६० सेंटिमीटर तुकडा, एका टोकाला टोपण. टोपणाला खांबाएवढं भोक.
एक पाइप क्लॅम्प.

क्लॅम्प जमिनीपासून दीड मीटरवर आवळायचा आणि पीव्हीसीचा तुकडा टोपण वर करून त्याच्यावर टांगायचा. तो सैलच हवा, हलला पाहिजे. खांबावरून चढणारं मांजर त्या नळीच्या पोटात शिरतं आणि वर टोपण लागतं. बाहेरून चढायचं तर गुळगुळीत पीव्हीसीवर नख रुतत नाही. ११० मिलिमीटरचा पाइप स्वस्त पडतो, पण तो पुढच्या पायांनी कवटाळता येतो. १६० चाच घ्यावा.

बशीत पाणी तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. मध्ये दोन खडबडीत दगड, कारण नुसत्या प्लास्टिकवर पाय घसरतात आणि पक्षी आंघोळीला उतरत नाहीत. मातीचं ताट दिसायला छान, पण पाण्यासकट रोज डोक्यावरून उतरवायला जड, आणि न उतरवता घासलं जात नाही.

खांबाची जागा: सगळ्या झुडपांपासून, बाकापासून आणि भिंतीपासून किमान अडीच मीटर. पण फार उघड्यावरही नको. वर शिक्रा आहे. चार-पाच मीटरवर पेरूची फांदी असली की पक्षी आधी तिथे बसून अंदाज घेतात.

१ मार्च

खांबावर चढायचा प्रयत्न कॅमेऱ्यात आहे: करडा बोका नळीपर्यंत जातो, आत डोकं घालतो, उतरतो. खालून अडचण नाही. अडचण बाजूने आली. कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची खांबाजवळ आणून ठेवली की तिच्या पाठीवरून बशी टप्प्यात येते. यावर यंत्र नाही. खांबाभोवती अडीच मीटरचा चुन्याचा गोल आणि सुरक्षारक्षकाला सूचना.

पाणी रोज बदलायचं, बशी आठवड्यातून दोनदा ब्रशने घासायची, साबण न लावता. डेंगीच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाटचाल साधारण आठवडा-दहा दिवसांत पुरी होते, त्यामुळे रोज उपसलेल्या भांड्यात तो तयार होत नाही. महापालिकेचे तपासणीला येतात तेव्हा हे दाखवता आलं पाहिजे. कावळे बशीत पाव आणि हाडं भिजवतात, हा उन्हाळ्यातला वेगळा ताप.

१५ मार्च

आंबा आणि पेरूला पत्र्याचे पट्टे. २६ गेजचा जीआय पत्रा, रुंदी ६० सेंटिमीटर, खालची कड जमिनीपासून दीड मीटरवर. म्हणजे वरची कड २.१ मीटरवर येते. यापेक्षा खाली बांधला तर मांजर जमिनीवरून उडी मारून पट्ट्याच्या वरची साल पकडतं.

खिळा मारायचा नाही. पत्र्याची दोन टोकं एकमेकांवर चार बोटं चढवून भोकं पाडायची आणि ताणाच्या स्प्रिंगने जोडायची. खोड वाढतं तसा पट्टा सैल होतो. तारेने आवळला तर दोन वर्षांत सालीत रुततो आणि वरच्या फांद्या सुकायला लागतात. कडा आतून दुमडून घ्यायच्या, नाहीतर माळ्याचा हात कापतो. खारीही या पट्ट्यावरून चढत नाहीत, हा वरचा फायदा.

पट्टा एकट्याने काही करत नाही. आंब्याची एक फांदी भिंतीपासून हातभर अंतरावर, आणि दोन्ही पेरूंचे शेंडे एकमेकांत. मांजर भिंतीवरून फांदीवर जातं आणि खालचा पत्रा बघतही नाही. भिंत आणि फांदी यांत दोन मीटर मोकळे हवेत. छाटणीला महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, अर्ज दिला. शेवग्याला पट्टा नाही. लाकूड ठिसूळ, घरट्यांसाठी पक्षी तो क्वचितच निवडतात.

२३ मार्च

मांजरांकडची बाजू.

जेवणाची जागा बाकाखालून हलवून पार्किंगमध्ये पंपघरामागे नेली. दोन्ही वेळ ठरलेल्या: सकाळी उजाडायच्या आधी आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास. अर्ध्या तासाने वाट्या उचलायच्या. उघड्यावर उरलेला भात-मासा कावळ्यांना बोलावतो आणि मग तेच कावळे बुलबुलाची पिल्लं हेरतात. पोट भरलेलं मांजर शिकार करत नाही, असं मात्र कुणी धरून चालू नये. भूक आणि शिकारीची ऊर्मी या वेगळ्या गोष्टी आहेत. जेवण वेळेवर दिल्याचा फायदा एवढाच की पक्ष्यांच्या गर्दीच्या वेळी मांजर बागेच्या दुसऱ्या टोकाला असतं.

नसबंदी: तिरंगी मांजर आणि काळी-पांढरी, दोन्ही माद्या. तिरंगी मांजर जवळपास नेहमी मादीच असते, त्यामुळे लांबूनही ओळखता येते. गाभणकाळ नऊ आठवड्यांचा आणि पिल्लू पाच-सहा महिन्यांत स्वतः गाभण राहू शकतं, म्हणून बोक्यांआधी माद्या. पिंजऱ्यात आमिषाला भाजलेला सुका बोंबील; वास लांब जातो आणि दुधासारखा सांडत नाही. पिंजरा लगेच चादरीने झाकायचा, अंधारात मांजर शांत राहतं. हाताने धरायचं नाही. ओरखडा किंवा चावा बसलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा. शस्त्रक्रियेनंतर मांजर इथेच सोडायचं. पोत्यात घालून नदीपलीकडे सोडण्याचा सल्ला एका बैठकीत आला. ती जागा नवीन मांजर भरून काढतं, आणि ते नसबंदी न झालेलं असतं. नसबंदीने शिकार थांबत नाही. पण पिल्लांसाठी शिकार आणणारी आई उरत नाही, हा मोठा फरक.

पाळीव मांजरं: दुसऱ्या मजल्यावरच्या काकू संध्याकाळी साडेपाच ते सकाळी आठ मांजर घरात ठेवायला तयार आहेत. बाल्कनीला कबुतरांची जाळी आधीच आहे, तिचा खालचा कोपरा फक्त शिवायचा. दुसऱ्या घरात ते शक्य नाही, तिथे गळपट्टा. घुंगराबद्दल मतं वेगळी आहेत आणि दोन्ही बाजूंना आधार आहे. ब्रिटनमधल्या २००५ च्या चाचण्यांत घुंगरू बांधलेल्या मांजरांनी घरी आणलेले पक्षी ४१ टक्क्यांनी घटले. एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात, २१९ घरांतल्या ३५५ मांजरांवर, घुंगराचा ठळक परिणाम दिसला नाही. त्याच अभ्यासात भडक रंगाच्या कापडी पट्ट्याने पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी, मांसाचं प्रमाण जास्त असलेल्या खाण्याने एकूण शिकार ३६ टक्क्यांनी आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्याने २५ टक्क्यांनी कमी झाली. इथे म्हणून रंगीत कापडी झालर: लाल-पिवळ्या सुती कापडाची, पाच सेंटिमीटर रुंद, गळपट्ट्यावर नळीसारखी ओवलेली. उंदरांना तो रंग जाणवत नाही, पक्ष्यांना लगेच दिसतो. आतला गळपट्टा ओढ बसताच सुटणाऱ्या बकलाचाच हवा. साधा पट्टा फांदीत अडकला तर मांजर टांगलं जातं.

६ एप्रिल

घरट्यांचा हंगाम. शिंप्याचं घरटं कमरेच्या उंचीवर, दोन पानं टाचून. बुलबुलाचं जास्वंदीत छातीच्या उंचीवर. दोन्ही मांजराच्या सहज टप्प्यातली.

तगर आणि जास्वंदीच्या बुंध्यांभोवती बोगनवेलीच्या छाटलेल्या काटेरी फांद्यांचा पट्टा घातला आहे, ७० सेंटिमीटर रुंद, गुडघाभर उंच, सैल. दाबून बसवला तर मांजर त्याच्यावर चालतं. काटे सुकले की ठिसूळ होतात आणि पट्टा खाली बसतो; दर पाच-सहा आठवड्यांनी वर नवीन थर. करवंदीच्या फांद्या जास्त टिकतात, मिळाल्या तर. मुलांच्या खेळायच्या बाजूला काटे न घालता अर्ध्या इंची वेल्डमेशचे तुकडे मातीवर आडवे टाकून खुंट्यांनी रोवले. पंजाखाली जाळी आली की मांजराला दबा धरून सरकायला नको वाटतं.

हे काम घरटं बांधायला सुरुवात होण्याआधीच आटपलं पाहिजे. बांधकाम चालू असताना किंवा अंडी असताना जवळ खुडबुड झाली तर बुलबुल घरटं सोडून जातो. आता पुढे कुंपणाला कात्री नाही. माळ्याला दोरी बांधून हद्द दाखवली. तोंडी सांगितलेलं सुट्टीच्या बदली माणसाला कळत नाही. घरट्याचे फोटो काढायला रोज जाणाऱ्यांनाही तीच दोरी. माणसाची पायवाट पडली की त्या वाटेने मांजर चौकशीला येतं.

१३ एप्रिल

पाण्याचा फवारा. भिंतीवरून बागेत उतरायची मांजरांची एकच लाडकी जागा आहे, बोगनवेलीच्या खोडाशी. फवारा फक्त तिथे.

सामान: एचसी-एसआर५०१ पीआयआर सेन्सर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा), १२ व्होल्टचा अर्धा इंची सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी पाण्याची झडप), वीज नसताना बंद राहणारा, आयआरएलझेड४४एन मॉस्फेट (सेन्सरच्या इशाऱ्यावर व्हॉल्व्हची वीज चालू-बंद करणारा), १एन४००७ डायोड, १० किलो-ओहम रोध, ४७० मायक्रोफॅरड कपॅसिटर, १२ व्होल्ट २ अँपिअर अडॅप्टर, १२ व्होल्टचा टायमर, पाणी न शिरणारी पेटी, १८० अंशांचा फवारा-नोझल.

सेन्सरला १२ व्होल्ट थेट चालतात, पण त्याचं आउटपुट ३.३ व्होल्टच असतं. बाजारात सहज मिळणारा आयआरएफ५२० मॉस्फेट तेवढ्यावर पूर्ण उघडत नाही, तापतो आणि व्हॉल्व्ह अर्धवट घरघरतो. म्हणून कमी व्होल्टवर उघडणारा मॉस्फेट. डायोड व्हॉल्व्हच्या कॉइलच्या दोन टोकांवर, पट्टीची बाजू धन टोकाला. तो नसेल तर व्हॉल्व्ह बंद होतानाचा झटका सेन्सरलाच पुन्हा चाळवतो आणि फवारा थांबतच नाही. कपॅसिटर सेन्सरच्या पायांशी, अडॅप्टरच्या टोकाला नव्हे. रोध मॉस्फेटचं गेट (इशारा घेणारा पाय) आणि ऋण यांच्यामध्ये.

सेन्सरवरचा जंपर एकदाच चालू होण्याच्या जागी, वेळेचा स्क्रू सगळ्यांत कमीवर. साधारण पाच सेकंद फवारा, मिनिटाला चार लिटरच्या नोझलमधून तिसरा हिस्सा लिटर पाणी. पाणीकपातीच्या बैठकीत हा आकडा तयार हवा.

दाब: गच्चीवरची टाकी बागेपासून तेरा मीटर उंच, म्हणजे जवळपास १.३ बार. फिरणाऱ्या तुषाराला एवढा दाब कमी पडतो, स्थिर नोझल दोन-अडीच मीटर फेकतं. ड्रम स्टुलावर ठेवून हे करायचं मनात असेल तर हा व्हॉल्व्ह चालणार नाही; त्याच्या पडद्याला उघडायला आणि घट्ट मिटायलाही किमान ०.२ बार दाब लागतो. महापालिकेच्या थेट नळाला जोडू नये. पाणी येण्याच्या वेळेपुरताच फवारा, आणि मांजर ते वेळापत्रक लवकर शिकतं. व्हॉल्व्हच्या आधी जाळीची गाळणी.

२७ एप्रिल

पीआयआर आडव्या हालचालीला तिखट असतो, समोरून सरळ चालत येणाऱ्याला मंद. म्हणून सेन्सर भिंतीला समांतर, जमिनीपासून ३५ सेंटिमीटरवर. उडी मारून उतरलेलं मांजर त्याच्या नजरेला आडवं जातं. तोंड उत्तरेला. पश्चिमेला केलं की मावळतीचं ऊन पानांतून हलत आत येतं आणि फवारा वाऱ्यावर चालतो. भिंगाचा वरचा भाग काळ्या टेपने झाकला, नाहीतर चालायला येणारे आजोबा भिजतात. ते एकदा भिजले की प्रकल्प त्याच दिवशी बंद. पाण्याचा खांब सेन्सरच्या टप्प्याबाहेर हवाच.

दुपारी पारा ३८-३९ वर गेला की मांजराच्या अंगाचं आणि आसपासचं तापमान सारखं होतं आणि सेन्सर आंधळा होतो. दुरुस्तीची गरज नाही. तेव्हा मांजरही झोपलेलं असतं. टायमर पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. वीज जाऊन आली की सेन्सर मिनिटभर स्थिरावत असतो आणि फवारा उगाच दोन-तीनदा उडतो. तेवढं चालेल.

सुचवलेले आणि नाकारलेले उपाय, पुन्हा चर्चा नको म्हणून: नीळ घातलेल्या पाण्याच्या बाटल्या (काहीही होत नाही, मांजर त्यांना अंग घासतं). डांबराच्या गोळ्या आणि फिनेल (मांजराचं यकृत ही रसायनं नीट पचवू शकत नाही, पंजे चाटून विषबाधा होते). तिखट पूड (डोळ्यांना इजा, शिवाय पहिल्या पाण्यात वाहून जाते). संत्र्याची सालं (दोन दिवस). भिंतीवर काचा (मांजर मधून पाय टाकतं, जखमी होतो तो चेंडू काढायला चढलेला मुलगा). विष किंवा फास हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खालचा गुन्हा आहे, तेव्हा त्यावर बोलणंच नको.

२८ मे

यंदा मोसमी पाऊस पुण्यात २६ मेलाच आला, एरवीपेक्षा बराच आधी. फवारा बंद करून पेटी घरात. ओल्या पानांवर वारा असला की सेन्सर भरवशाचा राहत नाही, आणि भिजलेल्या मांजराला आणखी पाण्याची काय भीती. पाण्याची बशी मात्र चालूच. पावसाच्या उघडिपीत पक्षी तिथे येतात.

काटेरी पट्टा भिजून दबला. नवीन थर घातला. बोगनवेलीच्या काही फांद्यांना मुळं फुटायला लागली होती, त्या काढल्या.

१५ जून

उडू न शकणारी पिल्लं. बुलबुलाची पिल्लं घरट्यातून बाहेर येतात तेव्हा शेपटी आखूड आणि उडणं नावापुरतं असतं. दोन-तीन दिवस ती झुडपाच्या खालच्या फांद्यांत किंवा जमिनीवर असतात, आईबाप वरून ओरडत भरवतात. सगळ्या हंगामात मांजराचा खरा घास हाच. या दिवसांत पाळीव मांजरं दिवसाही घरात, एवढी एक गोष्ट पाळली तर बाकी सगळ्या पत्र्या-पायपांपेक्षा जास्त उपयोग होतो. बुलबुलांचा कलकलाट सुरू झाला की काकूंना निरोप द्यायचा, असं ठरलं आहे.

पिल्लू जमिनीवर दिसलं, पिसं आहेत आणि पायावर नीट उभं राहतं, तर उचलून त्याच झुडपात डोक्याच्या उंचीला ठेवायचं आणि लांब व्हायचं. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकत नाहीत. घरी नेऊन दूध-पोळी भरवणं म्हणजे मारणंच.

मांजराच्या तोंडातून सुटलेला पक्षी वरवर धडधाकट दिसला तरी सोडायचा नाही. मांजराच्या दातांवरच्या पाश्चुरेला जिवाणूंमुळे सुईएवढ्या जखमेतूनही एक-दोन दिवसांत पक्षी मरतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना सुती कपडा, अंधार, पाणी-खाणं काही नाही, आणि काही तासांच्या आत प्राणी-बचाव संस्थेकडे किंवा पशुवैद्याकडे, म्हणजे प्रतिजैविक वेळेत सुरू होतं. खोकं सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये तयार ठेवलं आहे. त्यात कुणीतरी छत्र्या ठेवतं.

६ जुलै

अल्ट्रासॉनिक यंत्राचा, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा आवाज करून मांजर हाकलणाऱ्या यंत्राचा, प्रस्ताव पुन्हा आला. मांजराला माणसापेक्षा खूप वरच्या पट्टीतलं ऐकू येतं, तत्त्व चूक नाही. ब्रिटनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत अशा यंत्राने एका प्रयोगात मांजराच्या येण्याची शक्यता सुमारे ३२ टक्क्यांनी घटली, दुसऱ्यात घटली नाही. थांबण्याचा वेळ दोन्हींत कमी झाला. दाट पाल्यामागे आवाज अडतो आणि इथल्या पावसात यंत्राची जाळी गंजते. पावसाळ्यानंतर बघू, तोवर त्या पैशांत पार्किंगकडच्या फाटकाच्या खालची सहा इंची फट एक इंची वेल्डमेशने बुजवली.

आंब्याच्या फांदीला परवानगी मिळाली आहे, पण तिच्यावर होल्याचं घरटं आहे. पिल्लं उडाल्यावर छाटणी. तोवर भिंतीच्या त्या दोन मीटरवर बोगनवेलीचे काटे, सुतळीने बांधून.